खिडकीखालचं सिंक

माझं माहेर वैरागकडचं. गावाचं नाव सांगून तुमाला काय कळायचं न्हाय ताई, लहान हाय, पर महादेवाचं देऊळ मोठं, म्हणून माझं नाव म्हादेवी ठिवलं. लगीन करून सोलापुरात आले आन् सासूच्या खानावळीत जी बसले ती गुडघं जाईपतोर बसले, बसले म्हणजे खरंच बसले बगा, मोरीवर, उकिडवी, खरकट्या भांड्यांच्या म्होरं. भाकरी सासू थापायची, कालवण जाऊबाईकडं, आन् मी धाकटी म्हणून भांडी माझ्याकडं. कारखान्यातली माणसं पंगतीनं जेवून जायची, त्यांची ताटं उचलायची, घासायची, तवर दुसरी पंगत बसलेली. सासू गेली, जाऊबाई वेगळ्या झाल्या, भाकरी थापायला मी बायका ठिवल्या, पर मोरी काय सुटली न्हाय. दुसऱ्यानं घासलेलं मला पसंतच पडायचं न्हाय, ही माझीच खोड.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, शाळेच्या पोरांची गाडी चालवायचे. घरचीच मोठी पिवळी गाडी, लेकरं त्यांना काका म्हणायची. पुढं लेक नोकरीला लागला, त्यानं तिकडं नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात, फ्लॅट घेतला, मग खानावळ बंद केली आन् आमी त्याच्याकडं राहायला आलो. तितं स्वयंपाकघरात सिंक. उभ्यानं भांडी घासायची! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी तर त्या सिंकाला देवासारखी इभूतच लावली, सून म्हणली आई ह्ये काय, म्हणलं तू गप, तुला न्हाय कळायचं. डॉक्टरनं बी सांगितलं, आता उकिडवं बसायचं न्हाय म्हणजे न्हाय.

तर गाडी. शाळेच्या कामाला गाडी जुनी झाली, लेक म्हणला भंगारात घाला. मालकांचा जीव हुईना. रोज खाली जाऊन तिला पुसायचे, जसं काय सकाळी पोरं यायचीच हाईत. एक दिवस मोबाईलवर बगितलं त्यांनी, कोण नवरा-बायको गाडीतच घर करून देश फिरत्यात, गादी गाडीत, शेगडी गाडीत. झालं. म्हणले म्हादेवी, आपण बी असंच करू, सगळी सीटं काढतो, तू फकस्त हो म्हण. मी म्हणलं, मी न्हाय येणार.

त्यांना वाटलं मी थट्टा करते. पर मी मनापासनं म्हणलं होतं, कारण सांगते तुमाला. लेक लहान असताना आमची सगळी भावकी ट्रक करून कोकणात गेली होती, समुद्र बगायला. पुरुष आन् पोरं उतरली ती पळत पाण्याकडं, आन् आमी बायका धर्मशाळेच्या मागं हापशावर. पोहं झाले की भांडी, जेवण झालं की भांडी, हापशाला नंबर, ठिवून कुटं जावं तर कुत्री तोंड घालत्यात, न्हायतर दुसरी बाई आपला तांब्या उचलून नेते. समुद्राचा आवाज मला दिसभर यायचा, आन् तिन्हीसांजेला ट्रकात बसून माघारी. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, कसा हाय गं समुद्र? मी म्हणलं, मोठा हाय. काय सांगणार? बगितलाच न्हाय. तुळजापूरला गेले तरी तेच, गाणगापूरला गेले तरी तेच, देऊळ मला नीट आठवत न्हाय, पर नळ कुटं हाय ते मी डोळं झाकून सांगीन.

म्हणून मालकांना सांगितलं, तुमच्या गाडीत आधी सिंक बसवा, उभ्यानं घासता यील असं, आन् खिडकीखाली. भिताडाकडं तोंड करून मी उभी राहणार न्हाय. खिडकीखाली सिंक असंल तर मी येते, न्हायतर तुमी एकटे जावा.

सिंक घ्यायला दोघं बी गेलो. मी पिशवीत कढई आन् भाकरीची परात घेऊन गेले. मालक म्हणले अगं लोक काय म्हणतील, म्हणलं लोकांना घासायची न्हाय ती, मला घासायचीय. दुकानदार चाचा लई गोड माणूस, त्यानं एक गोल, इवलंसं सिंक काढलं, गाडीला हेच लावत्यात म्हणला. मी त्यात परात ठिवली, ती टोपीसारखी वरच बसली. मग त्यानं सगळ्यात मोठं दाखवलं, मालक म्हणले ह्ये बसवलं तर आपण झोपायचं कुटं, ह्याच्यातच? चाचा म्हणला अम्मा, ये गाडीमें लगाने का है की शादीखाने में? सगळं दुकान हसलं, मी बी हसले. मग मी एकेका सिंकाम्होरं उभी राहिले, पदर खोचला आन् हवेतच कढई घासून बगितली. उथळ असलं की पाणी उडून लुगडं भिजतंय, लई खोल असलं की वाकून कंबर जाते. शेवटी एक चौकोनी घेतलं, स्टीलचं, जाड पत्र्याचं, वीतभर खोल, त्यात कढई मावते आन् परात उभी धरून फिरवता येते. चाचा म्हणला, आजवर सिंकाला असं कुणी घासून बगितलं न्हाय.

आता बसवायचं कुणी? हितंच आमी फसलो. आमच्या जुन्या गल्लीत जेवढे ओटे हाईत तेवढे नागप्पा गवंड्यानं घातलेले, अक्कलकोटकडचा माणूस, अर्धं मराठी अर्धं कन्नड. आमच्याकडं ओटा म्हणजे कडप्पाचाच, काळ्या फरशीशिवाय ओटा असतो ह्ये आमच्या डोक्यातच आलं न्हाय, ना माझ्या ना मालकांच्या. नागप्पानं गाडीत विटा रचल्या, वर कडप्पा टाकला, भोक पाडून सिमेंटात सिंक बसवलं, ओट्याला पाणी मारलं, आन् आमी नारळ फोडला. मी विचारलं की, दादा, गाडी हालती, ह्ये टिकंल का? म्हणला येनू आगंगिल्ल अक्का, काय बी होत न्हाय, माझा ओटा पाडायला पहार लागती. पहार कशाला लागती! गाडी ओट्याच्या अंगाला कललेली, आन् होटगी रोडला पहिल्याच गतिरोधकाला मागनं काड्कन आवाज. कडप्पाचे दोन तुकडे, विटा गाडीभर, आन् माझं सिंक तोंडावर पडलेलं. नागप्पा मागंच बसला होता, फरशीखाली पाय यायचा थोडक्यात वाचला, आन् म्हणतो कसा, ओटा चांगला होता अक्का, रस्ता वाईट.

मी हसले, पर मालक न्हाय हसले. घरी येऊन म्हणले बास झालं, सिंकाचा नाद सोड, एक टब घेऊ, गाडी नळाजवळ उभी करीन, तितं बसून घासून घे, घडीभराचं तर काम. घडीभराचं काम! मला असा राग आला की काय सांगू. मी म्हणलं मग तुमी आन् तुमची गाडी, जावा कुटं जायचं तितं. आन् बोलणंच सोडलं. आतल्या खोलीत जाऊन रडले बी, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं संसार केला आन् ह्या माणसाला मी काय मागते ह्येच कळलं न्हाय, असं वाटलं.

मग मालकांनी काय करावं? दुपारच्या जेवणाची सगळी भांडी टबात भरली, कढई, कुकर, पातेली, सगळी, आन् खाली पार्किंगच्या नळावर जाऊन उकिडवे बसले. मला दाखवायला, की बग, काय अवघड हाय ह्यात. मी गॅलरीतनं बगत होते, ते माझ्याकडं बगत बगत घासत होते, वर शीळ घालत होते. कढईपतोर शीळ होती, कुकरला थांबली. भांडी झाली, आन् उठायला गेले तर उठता यीना. एक हात नळाला, एक हात कमरेला. आजूबाजूला बगितलं, कोण न्हाय. मग वर मान केली आन् म्हणले, म्हादेवी, हात दे की गं.

मी खाली गेले, गेटवरच्या वॉचमनला हाक मारली आन् दोघांनी मिळून उठवलं. पायरीवर बसून गुडघं चोळत होते, आन् हळूच म्हणले, खानावळीत तू पंगतीमागनं पंगत अशीच बसायचीस? मी म्हणलं, व्हय.

दुसऱ्या दिवसापासनं मालक गाडीत घुसले. वेल्डरकडनं लोखंडी सांगाडा करून घेतला, तो गाडीच्या तळाला बोल्टनं आवळला, वर प्लायवूड, त्याच्यावर सनमायका, आन् कडेनं रबर लावून सिंक बसवलं, की गाडी हादरली तरी आपटू नये. वर पाण्याचा कॅन, खाली सांडपाण्याचा कॅन, आन् पायानं दाबायचा पंप, पाय दाबला तरच पाणी. पाणी पुरंल का म्हणून त्यांना घोर. म्हणलं सोलापूरच्या बाईला तुमी ह्ये विचारता? नळ येतो आठवड्यातनं एकदोनदा, पाणी पुरवून वापरणं आमाला कुणी शिकवायचं न्हाय. खालचा कॅन मात्र वास मारायचा, त्याला उपाय घरचाच निघाला. आमच्या लिंगायतात जेवण झालं की ताटात पाणी घालून ताट धुऊन पित्यात, परसाद वाया जाऊ नये म्हणून, माझी सासू शेवटपतोर करायची. मालकांनी ते परत चालू केलं, मी बी करते. नातवंडं ‘ई’ म्हणून तोंड वाकडं करत्यात, करू देत, पर सिंकात एक शीत जात न्हाय.

आन् ही खिडकी बगा, तुमच्या मागची. शाळेची गाडी म्हणून सगळ्या खिडक्यांना आडव्या सळया, पोरांनी हात बाहेर काढू नये म्हणून मालकांनीच बसवलेल्या. ह्या एका खिडकीच्या सळया त्यांनी एकेक करून कापल्या. मी म्हणलं राहू द्या की, दिसतंय मधनं. म्हणले न्हाय, तुला आख्खं दिसू दे. मी चहा टाकायला वर गेले.

थंडी सरता सरता पहिल्यांदा करमाळ्याला गेलो, कमलाभवानीचं दर्शन घेतलं आन् तितनं उजनी धरणाच्या पाण्याकडं. गाडी काठाला लावली, जेवलो, मालक खाली उतरले आन् मी भांडी घासायला उभी राहिले. म्होरं सगळं पाणीच पाणी. भांड्यांना साबण लावला, आन् पाण्यावर कायतरी गुलाबी हाललं. पक्षी हो, लांब लांब पायांचे, किती म्हणून सांगू, आन् एकदम सगळे मिळून उडाले. मालक खालनं ओरडले, म्हादेवी, दिसलं का? मी म्हणलं, दिसलं! मग माझं मलाच कळंना, मी घासणी तितंच टाकली आन् तशीच खाली उतरून पाण्याच्या कडंला गेले. साबणाची भांडी मागं सिंकात तशीच. आयुष्यात कदी केलं न्हाय असं. कुत्रं तोंड घालंल, कोण उचलून नेईल, मागं नंबर लागलाय, असलं काय सुदिक मनात आलं न्हाय. सिंक पायजे सिंक पायजे म्हणून भांडले ते भांडी घासायला, आन् सगळ्यात सुख लागलं ते भांडी त्यात टाकून जायला. दोघं बसलो काठावर. पक्षी परत येऊन उतरले, माझ्या हातावरचा साबण वाळून गेला, तरी मी उठले न्हाय.

दिवाळी झाली की समुद्राकडं जाऊ म्हणत्यात मालक. बगू, देवाच्या मनात असंल तर. माझं गुडघं काय आता नवं यायचं न्हाईत, मालकांची कंबर बी अधनंमधनं धरती, पर चाललंय, मजेत चाललंय. तुमचं बी भलं होऊ दे ताई, लई वेळ ऐकलंत म्हातारीचं. संपला का चहा? द्या तो कप हिकडं. न्हाय हो, आता कोण घासतंय, पडू द्या सिंकात. मालकांनी खाली खुर्च्या मांडल्यात, ऊन बी उतरलंय, चला, आपण बी जरा बसू.