आवडाबाईंच्या चित्राला हार

...पण मी म्हणतो, अख्ख्या डोंबिवलीनं मलाच का बोलावं? केलं काय मी? मी नुसता हार घातला हो! झेंडूचा! आणि आमची ही, लक्ष्मी, चार वर्षं झाली तरी ताटात भाकरी आपटते नि म्हणते, "तोंड वर करून सांगू नका कुणाला!" बरं, नाही सांगत. पण तुम्ही काही इथले नाही, तुम्हाला सांगतो. ऐका आणि तुम्हीच ठरवा, माणूस एवढा मोठा गुन्हेगार आहे का ते.

चोपन्न सालचा हिवाळा. आमच्या आळीत प्रभाकर मास्तर राहायला आला. शाळेत चित्रकला शिकवायचा. उंच, बारीक, गळ्यात मफलर, आणि बोलणं असं की पुस्तकालाच पाय फुटलेत! त्यानं काढला कलावर्ग. दर रविवारी दुपारी, शाळेच्या पडवीत, वयाची अट नाही, बायकांनी अवश्य यावं! मीही गेलेलो. आता मी कोण? मारुती, मराठी तिसरी, तीही गुरुजी कंटाळले म्हणून पास. पस्तीस वर्षं कल्याणच्या लोकोशेडात इंजिनं पुसली. मी काय काढणार? इंजिन काढलं. मास्तर लांबून बघतो, जवळून बघतो, म्हणतो, "वा काका! म्हैस उत्तम उतरलीय!" आता एवढ्या विद्वान माणसाला खोटं कसं पाडायचं? मी शेपूट लावून दिली.

पण त्या वर्गात एक हात खरा होता. सुमतीचा. आमच्या शेजारच्या आवडाबाईंची सून. मुलगी अशी, की आली कधी नि गेली कधी कळायचं नाही, पण कागदावर रेघ ओढली की आपण बघतच राहावं. नवरा सुधीर, मुंबईला कारकून, सोन्यासारखा पोरगा, फक्त त्याला स्वतःचं मत नव्हतं. "सुधीर, भूक लागली का रे?" तर म्हणायचा, "आईला विचारतो."

आणि आई म्हणजे आवडाबाई! साताऱ्याकडच्या. आवाज असा की त्या अंगणात बोलल्या की आमच्या फडताळातल्या कपबशा वाजायच्या. त्यांना भीती एकाच गोष्टीची, फोटोची. फोटो काढला की आयुष्य उतरतं! सुधीरच्या लग्नातसुद्धा बाई खांबाआड. फोटोत नुसता एक हात नि ओवाळणीचं ताट. अशा बाईला सुमतीनं चित्रासाठी बसवलं. कसं बसवलं असेल? मी कुंपणापलीकडनं ऐकलेलं. सुमती म्हणाली, "आत्याबाई, फोटो यंत्र काढतं. हे मी काढणार. माझ्या हातानं तुमचं वाईट होईल का?"

आवडाबाई गप्प! पंधरा वर्षांत पहिल्यांदा! मग म्हणाल्या, "बरं, काढ. पण मी तांदूळ निवडत बसणार."

आठ रविवार बसल्या. आणि चित्र काय झालं होतं म्हणून सांगू... कपाळावरच्या आठ्या, हातातलं सूप, आणि डोळ्यांत ती माया, जी बाई कुणाला दाखवायची नाही. ती त्या पोरीनं कुठून शोधून काढली देव जाणे.

तर पौषात मास्तरानं काढलं प्रदर्शन. मी म्हटलं, "मास्तर, पौषात कुणी काही काढतं का?" तर म्हणे, "काका, कलेला मुहूर्त नसतो! आणि भिंतीही नसतात! कलेनं मोकळ्या आभाळाखाली श्वास घेतला पाहिजे!" म्हणजे हॉल मिळाला नव्हता. मग स्टेशनच्या पलीकडे कापणी झालेलं भाताचं खाचर घेतलं. पायाखाली धसकटं, मधे पेंढ्याची उडवी. चारी बाजूंना बांबू रोवायचे, सुतळ्या ताणायच्या, नि त्यावर कपडे वाळत घालतात तशी चित्रं चिमट्यांनी लावायची. आणि बांबू रोवायला कोण? मी!

मी बांबू रोवतोय, आणि आवडाबाई बांधावर उभ्या. "मारुती, हा वाकडा." सरळ केला. "आता तो वाकडा." तोही केला. "मारुती, मुळात तूच वाकडा उभा आहेस!" सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. हसा. मीही हसलो. पण मनात ठेवलं.

आता चूक कुणाची ते बघा. बाकी सगळी चित्रं चिमट्यांना. आणि सुमतीचं चित्र चांगलं म्हणून मास्तरानं ते खास ठाण्याहून चौकट करून, काच बसवून आणलं नि उडवीपुढे एका खांबावर खिळा मारून टांगलं. काच! चौकट! वर खिळा! उद्घाटनाला पाहुणे सपत्नीक येणार म्हणून हार दोन आणलेले, आणि पाहुण्यांच्या पत्नीला पडसं झालं, त्या आल्याच नाहीत. एक हार उरला. तो माझ्या हातात. समोर चौकटीतल्या आवडाबाई. तुमच्या घरी भिंतीवर तसबिरी असतील की नाही? हार कुणाच्या तसबिरीला असतो? तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, डोंबिवलीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. माझा हात उचलला गेला. झालं. मी नुसता हार घातला हो!

...आणि उदबत्ती लावली. हो, खोटं कशाला बोलू? घरून नेलेली. म्हणजे आधीच ठरलेलं होतं म्हणता? म्हणा.

तर लोक यायला लागले. रविवारची सकाळ, कानटोप्या, शाली, बोलताना तोंडातनं वाफा. शहाडहून एक गृहस्थ आले, आवडाबाईंच्या माहेरचे कुणीतरी. चित्रं बघत बघत उडवीपाशी आले नि थबकले. वहाणा काढल्या. हात जोडले. मला विचारतात, "कधी हो?" मी एक शब्द खोटा बोललो नाही. नुसता उसासा टाकला. आणि जरा डोळा पुसला. आता उसासा टाकायचीही बंदी आहे का?

मग बघा! मागच्यानं वहाणा काढल्या. त्याच्या मागच्यानं काढल्या. इकडे इंजिनाच्या म्हशीपुढे कुत्रं नाही, आणि उडवीपुढे ही रांग! कुणी शेवंती वाहतंय, कुणी म्हणतंय, "परवा तर मला ओरडल्या होत्या!" मास्तराला पलीकडे वाटतंय की लोक सुमतीच्या कलेपुढे नतमस्तक होतायत. त्याचे डोळे भरलेले! एवढ्यात आली गंगुबाई, कळव्याची, मिठागराकडून सुके बोंबील घेऊन यायची ती. तिनं पाटी उतरवली नि गळाच काढला, "आगो बाय माजे! गेलीस गो! मना सांगलासबी नाय! चार बोंबील फुकट मागायचीस गो, पन माज्या पोराच्या तापाला रातभर तूच बसलीस गो!"

ते मला माहीत नव्हतं हो. पोराच्या तापाचं. कुणालाच नव्हतं. आणि मी मागे वळून बघतो तर...

आवडाबाई! ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ नाही पण अंबाड्यात फूल, हो, विधवा बाईनं त्या दिवशी फूल माळलेलं! चार माणसांत आपलं चित्र लागलंय, ते बघायला नटून आलेली. मागे सुमती. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. गंगुबाईनं वर बघितलं नि किंचाळून बोंबलांवर बसली!

मला वाटलं, आता ओरडणार. कपबशा वाजणार. मी तर वाकून तयार होतो, पाठीवर चार बसतील म्हणून. पण बाई ओरडल्या नाहीत. हाराकडे बघितलं. मग सुमतीच्या हाताकडे बघितलं. असं बघितलं... चुलीतला निखारा पोरीच्या तळहातावर दिसावा तसं. आणि अगदी हळू म्हणाल्या, "सूनबाई, घरी चल."

त्याच दिवशी कुंचले, रंग, सगळं फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेलं. वर्ग बंद. आणि पुढच्याच रविवारी ठाण्याला तलावाकाठी मोठं प्रदर्शन, तिकडून लोक येऊन बघून गेलेले, सुमतीचं चित्र पहिल्या जागी लागायचं होतं. मास्तर गेला विनवायला. "बाई, कलेचा गळा घोटू नका!" आवडाबाई म्हणाल्या, "मास्तर, गळा माझा आहे." सुधीर काय म्हणाला? "आईला विचारा."

मंगळवारी सुमती आमच्याकडे विरजण मागायला आली. मला म्हणाली, "काका, तुम्ही तिथंच होता ना? कोणी घातला असेल हो हार?" आणि मी... हा मी, मारुती, पस्तीस वर्षं लोकोशेडात साहेबाच्या टोपीत विंचू सोडून समोर उभा राहून हसणारा... मी म्हटलं, "कुणी येडा असेल, पोरी." ती म्हणाली, "बिचाऱ्यानं श्रद्धेनं घातला असेल. त्याचा काय दोष?" आणि विरजण घेऊन गेली. तुम्हाला सांगतो, तिनं वाटी फेकून मारली असती ना, तर मला जेवण गेलं असतं! लक्ष्मीनं तेवढं विचारलं, "आपल्या देव्हाऱ्यातल्या उदबत्त्या कमी कशा झाल्या हो?" मी नुसता हार घातला... ते वाक्य तोंडातच राहिलं.

गुरुवारी सकाळी गेलो. आवडाबाई अंगणात वाल सोलत बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या, "आलास? बस. सोल." मी सोलायला लागलो. एक वाल, दोन वाल... अर्धी परात झाली. शेवटी डोळे मिटले नि सांगून टाकलं, "आवडाबाई, तो हार मी घातला. मी नुसता हार..."

"आणि उदबत्ती?"

"तीपण."

"आणि पुढे वाटीत दूध ठेवलेलं ते?"

हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. हो, दूध होतं. "तेपण मीच, आवडाबाई."

बाईंचे हात थांबले. म्हटलं, आता परात डोक्यात. पण त्यांनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या हो! म्हणाल्या, "म्हणजे... पोरीच्या हातात वाईट काही नाही?"

"नाही हो, आवडाबाई! वाईट हात माझा!"

"चार दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही, मारुती. उपास आहे म्हणून सांगितलं. पोरीनं काही विचारलं नाही. मला वाटायचं, तिनं काढलं नि माझं सरलं. आणि तिला तसं सांगू कसं?"

मला, तुम्हाला सांगतो, त्या परातीत बुडून मरावंसं वाटलं. वालाच्या पाण्यात! पण आवडाबाई कसल्या मरू देतायत! डोळे पुसले, आणि आवाज आला... कपबशांचा! "नुसतं तोंडानं सांगून माझ्या मनातलं जाईल होय रे, मेल्या? आता तू बस! सूनबाई, माळ्यावरचं काढ! या मारुतीचं चित्र काढ! रविवारपर्यंत हा जिता राहिला, की माझं चित्र ठाण्याला जाईल. नाही राहिला तर जाणार नाही!"

आता आली का पंचाईत? मी हसत होतो फोटोला घाबरणाऱ्यांना. पण समोर सुमती कुंचला घेऊन बसली, माझ्या नाकाकडे डोळे बारीक करून बघायला लागली, आणि मी दोन्ही हातांनी नाकच झाकलं! "काका, हलू नका." हलू नको, बोलू नको! मला! सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस! आणि अंगणात बसून थंडी लागली, तर शुक्रवारी सटासट शिंका! आळीत बातमी, "मारुतीला पडसं झालं! आता सुमतीचं काही खरं नाही!" मास्तर मफलर काढून माझ्या गळ्यात, "काका, कलेसाठी तरी जगा!" आवडाबाईंचा आल्याचा काढा दिवसातनं चारदा. लक्ष्मीला म्हणाल्या, "याला रूळ ओलांडू देऊ नकोस, गाडीखाली सापडेल नि पोरीचं नाव जाईल!" रोज सकाळी कुंपणावर ही गर्दी, "आहे का?" लक्ष्मी आतून ओरडायची, "आहे अजून!" सत्तावन्न वर्षांत माझ्या जिवाची कुणी एवढी काळजी केली नव्हती. आणि मीही केली नव्हती. त्या पोरीच्या कुंचल्याकडे बघायचो नि म्हणायचो, देवा, आजवर खूप वात्रटपणा केला, हिशेब नंतर कर, रविवार तेवढा जाऊ दे!

गेला. जगलो. चित्र ठाण्याला गेलं. तलावाकाठी वाऱ्यावर झुलत होतं, लोक दोन-दोनदा फिरून येऊन बघत होते, आणि बाजूला सुमती उभी, पहिल्यांदाच मान वर करून. आवडाबाई तिच्या हातचा शिरा सगळ्यांसमोर खात होत्या. मी लांबूनच बघितलं. जवळ जायचं तोंड नव्हतं.

वाटलं, सुटलो! पायाला हात लावायला गेलो, म्हटलं, "आवडाबाई, झाली ना परीक्षा?" तर बाई शांतपणे बशी पुसत म्हणाल्या, "एका आठवड्यानं काय कळतंय? पुढच्या हिवाळ्यात पुन्हा प्रदर्शन आहे. तोवर मरायचं नाही."

पंचावन्न साल झालं, छपन्न झालं, सत्तावन्न झालं. दमा लागला, गुडघे गेले, दात गेले, तरी काढा चालू! आणि परवा मास्तर धावत आला, "काका, आनंदाची बातमी! पुढच्या वर्षी सुमतीताईंची चित्रं दिल्लीला जायची!" सगळी आळी टाळ्या वाजवतेय, आणि मी डोक्याला हात लावून बसलोय... म्हटलं, झालं! म्हणजे आणखी एक वर्ष जगणं आलं.