उजव्या हाताला

बायको : ...आणि निवांत म्हणजे निवांत. घड्याळ घरी ठेवायचं. बोटींच्या धक्क्यापासून निघायचं, झाडांखालच्या बाकावर जरा टेकायचं, चहा प्यायचा, परत यायचं. यात दमण्यासारखं काय आहे?

नवरा : निघायचं, टेकायचं, प्यायचा, यायचं. एवढी कामं तर साहेबही सांगत नाही एका दमात.

बायको : तुम्हाला हल्ली श्वास घेणंही काम वाटतं.

नवरा : दिवसभर सरहद्दीच्या पुलावर उभा राहून लोकांच्या बॅगा उघडतो मी. खालून नदी वाहत असते. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तीच नदी बघायला जायचं?

बायको : आणि मी हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते ती काय झोपून? दमल्याचं मला नका सांगू. पाय इकडे करा, पाणी कोमट आहे.

(टबात पाणी ओतल्याचा आवाज.)

नवरा : आई गं. पायांचे तुकडे पडलेत नुसते. हां, आता बरं वाटतंय.

बायको : मग रविवारी येताय?

नवरा : येतो. पण डावीकडे जाऊ.

बायको : डावीकडे? पुलाच्या डावीकडे आहे काय? गोदामं, चिखल आणि चामड्याच्या कारखान्याचं गटार. अख्खं गाव उजवीकडे फिरतं. झाडं तिकडे, बाकं तिकडे.

नवरा : बाक नसला तर उभं राहू.

बायको : आत्ता पायांचे तुकडे पडले म्हणालात ना?

नवरा : पडलेत. तरी डावीकडेच.

बायको : म्हणजे नाकाला रुमाल लावून निवांत फिरायचं. काय माणूस आहे. एवढं एक मागितलं तर त्यातही फाटे फोडायचे.

नवरा : गेल्या रविवारी तू गेली होतीस ना, उजवीकडे? कसं झालं?

बायको : सांगितलं की तेव्हाच. छान झालं. वारा होता.

नवरा : सारखी पलीकडच्या काठाकडे बघत होतीस.

बायको : तुम्हाला काय माहीत?

नवरा : त्या रविवारी मला ड्यूटी होती. पुलावरून दोन्ही काठ दिसतात.

बायको : बरं. बघितलंच आहे तर ऐका. खारूला बघायला गेले होते. तुमच्या लेकीला. पलीकडच्या मुलाशी लग्न केलं म्हणून या घरात तिचं नाव काढायचं नाही म्हणालात, नाही काढलं. पण तिला सातवा महिना आहे. त्यात जावयाची बदली झालीय, महिनाअखेरीला दोघं आत कुठेतरी लांब जाणार, नदी सोडून. तुमच्या नोकरीपायी मला पूल ओलांडायची परवानगी नाही. तिचे तिकडचे कागद अजून झालेले नाहीत. मग मी करायचं काय? आम्ही ठरवलं, ती तिच्या काठाने चालेल, मी माझ्या.

नवरा : फोनवर दिसते की.

बायको : फोनवर तोंड दिसतं. मला तिची चाल बघायची होती. पोटुशी लेक कशी चालते ते बघितलं की आईचा जीव भांड्यात पडतो.

नवरा : मग? दिसली?

बायको : आलीच नाही. मी झाडं संपेपर्यंत चालले. समोर चिटपाखरू नव्हतं. काठावर गेलं की फोन पलीकडच्या नेटवर्कला जातो आणि बंद पडतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरी येऊन केला, तर उलट मलाच म्हणते, आई, तूच आली नाहीस. मी म्हटलं, यायचं नसेल तर तसं सांग, खोटं कशाला बोलतेस? तिने फोन ठेवला. मग मीही नाही केला. फार लागलं हो मला. म्हणून म्हटलं, या वेळी निदान नवऱ्याबरोबर जावं. कोणाची वाट न बघता.

नवरा : ठरलं काय होतं तुमचं? नीट सांग.

बायको : काय असणार? पुलापाशी यायचं, नदीकडे तोंड करायचं आणि उजव्या हाताला चालू लागायचं.

नवरा : दोघींनी?

बायको : दोघींनी.

नवरा : इथे समोर उभी राहा जरा. हा टब म्हणजे नदी. तू त्या काठाला, मी या काठाला. आता उजवा हात बाजूला कर.

बायको : पोरखेळ काय हा. केला, घ्या.

नवरा : मीही केला. आता बघ.

बायको : अगं बाई.

नवरा : ती तिच्या उजवीकडे गेली, तू तुझ्या. ती गोदामांसमोर, तू झाडांखाली. एकमेकींकडे पाठ करून दोघी चालत राहिलात.

बायको : आणि तुम्ही वरून बघत राहिलात.

नवरा : एका बाईची बॅग उघडून ठेवली होती माझ्यापुढे. ती तशीच टाकली आणि हात केला. आधी तुला, मग तिला. टोपी काढून हलवली. साहेब बघत होता. पण तुम्ही दोघींनी एकदाही वर पाहिलं नाही.

बायको : तिला हात केलात? तुम्ही?

नवरा : केला.

बायको : मग घरी आल्यावर का नाही बोललात?

नवरा : तू म्हणालीस छान झालं. पुढे काही बोलायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. इतके दिवस घेतलं नाही, एकदम तोंडातून निघेना.

बायको : आणि मी तिला खोटारडी ठरवलं.

नवरा : ती रोज येते.

बायको : कोण?

नवरा : खारू. माझी ड्यूटी संपायच्या सुमाराला. गोदामांसमोर त्यांच्या काठाला पायऱ्या आहेत, तिथे बसते. इकडे बघत असते. मग उठून जाते.

बायको : रोज येते आणि मी इथे तोंड फुगवून बसलेय. चालते कशी हो?

नवरा : मला काय कळतंय त्यातलं? आधी पळायचीच. आता कमरेवर हात ठेवून चालते.

बायको : कंबर भरून येत असणार. सांगत होते, टाचांच्या चपला घालू नकोस. ऐकते कुठे? द्या तो फोन इकडे. आधी तिची माफी मागते, मग चपलांवरून भांडते.

नवरा : तिला म्हणावं, तू रोज बसतेस तिथेच ये. बाजू आम्ही बदलतो.

बायको : आम्ही? म्हणजे बाबा येतायत असं सांगू?

नवरा : सांग.

बायको : तिला खरं नाही वाटायचं. अजून काही सांगू?

नवरा : म्हणावं, बाबांचे पाय दुखतात. हळू चाल.