देवासात बसून केलेलं लडाख

भिया, लडाखची ट्रिप मी देवासात बसून केली आहे. आमचा दोस्त नितीन बाइकवर एकटाच निघाला होता, आधी जैसलमेरचं वाळवंट, मग लेह. त्याच्या आईने एकट्याला सोडलं नसतं, म्हणून त्याने मी सोबत आहे असं सांगून टाकलं. मी आपला घरात लपून.

एका सकाळी राहवलं नाही, पोहे खायला गेलो. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "काय रे, वाळवंटात पोहे बरे मिळतात?"

म्हटलं, "काकू, त्याला परत बोलावू का?"

"नको. मला कळलं हेही सांगू नकोस. तो रोज संध्याकाळी फोनवर सांगतो, आम्ही दोघं जेवलो. तू आजपासून आमच्याकडे जेवायला ये. निम्मं तरी खरं होऊ दे."