मान सरळ ठेवा

...आणि वर म्हणतात, हलू नका! अहो, सख्खा भाऊ जाऊन महिना नव्हता झाला, आणि खांदे न हलवता माणसानं रडायचं कसं, तुम्हीच सांगा! पण मूर्तिकाराला त्याचं काय? दोन्ही हात मातीत, ओठात सिगारेट आणि त्या सिगारेटीशेजारच्या फटीतून एकच घोष, "हलू नका. मान सरळ."

झालं असं की माझा दादा आमदार. तीनदा निवडून आलेला. तो गेल्यावर स्मारक समितीनं ठरवलं, चौकात अर्धपुतळा बसवायचा. फोटो पोतंभर, पण एकात दादा कॅमेऱ्याकडे बघेल तर शपथ! प्रत्येक फोटोत कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकतोय, मान उजवीकडे कललेली. मग समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "तुझा चेहरा हुबेहूब साहेबांसारखा. तूच बस." चेहराच हो! डोकं सारखं असतं तर पाचवीत शाळा सोडली असती का मी?

बसवलं मला स्टुलावर. अंगात दादाचं जाकीट, डोळ्यांवर दादाचा चष्मा, त्याचा नंबर असा जबरी की मला तीन मूर्तिकार दिसायला लागले आणि तिघंही म्हणतायत, हलू नका!

तिसऱ्या दिवशी मी हळूच मान कलती केली. "मान सरळ!" म्हटलं, दादाची नव्हती सरळ. तिथंच बसलेले अध्यक्ष हसले, घसा खाकरून सभेतल्या आवाजात म्हणाले, "अरे, ती विनम्रता! जनतेपुढे झुकणारा नेता! ते आम्ही भाषणात सांगू की. पुतळा ताठच शोभतो."

विनम्रता? कसली डोंबलाची विनम्रता! डावा कान बहिरा होता त्याचा! आणि तो कशानं, हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. मी पाचवीत दप्तर गटारात टाकून घरी आलो, म्हटलं, उद्यापासून जात नाही. वडिलांनी हात उगारला, मी डोळे मिटले, थप्पड ऐकू आली... आणि लागलीच नाही! डोळे उघडतो तर मध्ये दादा. कानावर हात धरून मलाच विचारतोय, "तुला लागलं नाही ना रे?" मी म्हटलं, "नाही." तर म्हणतो, "काय?"

तेव्हापासून आयुष्यभर तेच. "काय?" इंजिनिअर सांगायचा, साहेब, पाइपलाइनला सहा महिने लागतील. दादा मान वाकडी करून म्हणायचा, "काय?" इंजिनिअरला घाम फुटायचा. "नाही साहेब, तीन! तीन महिन्यांत करतो!" अर्धा मतदारसंघ त्या 'काय?'वर उभा आहे हो! आणि त्याला बिचाऱ्याला खरंच ऐकू आलेलं नसायचं.

शेवटी सांगितलं मी समितीला, थपडेसकट, सगळं. अध्यक्षांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे साहेब बहिरे होते, असं चबुतऱ्यावर कोरायचं का आता?"

आणि वहिनी... सहाव्या दिवशी डबा घेऊन आली. दाराकडे माझी पाठ. जाकीट दिसलं आणि तोंडातून निघून गेलं तिच्या, "अहो, जेवलात का..." आणि तिथंच थांबली. मग हळूहळू फिरून आली, तीही माझ्या उजव्या बाजूनं. इतक्या वर्षांची सवय! म्हणाली, "भाऊजी, जेवून घ्या." मूर्तिकार तेवढ्या वेळी गप्प होता. आणि तेव्हाच नेमका मी हललो नाही.

अनावरण झालं. पडदा ओढला, टाळ्या, आणि वर कोण? पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ माणूस! मधल्या रांगेतून मी अर्धवट उठलोच. अहो, तो दादा नव्हता, तो मी होतो! त्यानं माझ्यासाठी खाल्लेली थप्पड तेवढी त्या मानेत उरली होती, तीही यांनी सरळ करून टाकली! ओरडावंसं वाटलं, पण शेजारचा म्हणाला, "हलू नका हो, मागच्यांना दिसत नाही."

पण ऐका. ज्या ठेकेदाराला दादानं दोनदा भर बैठकीत झापलं होतं, चबुतऱ्याचं काम नेमकं त्यालाच! दोन महिन्यांत चबुतरा खचला, उजवीकडून. अख्खा दादा उजवीकडे कलला. सकाळी जातो तर एक म्हातारबा त्या बाजूला उभे राहून पुतळ्याला सांगतायत, "साहेब, सुनेची बदली काही झाली नाही बरं का..."

अध्यक्ष दुरुस्तीसाठी धावले बांधकाम खात्याच्या कचेरीत. कारकून मान वर न करता म्हणाला, "अर्ज द्या, सोबत स्थानिक आमदाराचं पत्र जोडा."

"अहो, वाकडा झालाय तोच आमदार!"

"मग नवीन निवडून येईस्तोवर थांबा."

पोटनिवडणूक कधी, कुणाला ठाऊक नाही. चबुतऱ्याची भेग मात्र रोज केसभर रुंदावते, म्हणून मी रोज जातो, उजव्या बाजूला उभा राहतो आणि म्हणतो, "दादा, हलू नकोस." मग जरा थांबतो, 'काय?' म्हणतोय का बघतो...

नाही म्हणत. म्हणजे या वेळी पहिल्याच हाकेला ऐकू आलं असणार.