आग्रहाचं स्पॅनिश

...आणि वर ती पोरगी मला म्हणायची, "काका, 'बिल आणा' म्हणून दाखवा." अगं, माझ्या घरात मी कोणाला बिल आणायला सांगू? तुम्हाला सांगतो, वय वर्षं त्रेसष्ट, तीन महिने रोज सकाळी पोहे संपले की वही काखेत मारून इंदिरानगरातच दोन गल्ल्या पलीकडे मेहविशकडे स्पॅनिश शिकायला जात होतो, आणि मला स्पॅनिशमध्ये कॉफी मागता यायला लागली, स्टेशन कुठे आहे विचारता यायला लागलं, खोलीला खिडकी आहे का तेही विचारता यायला लागलं... पण आग्रह करता येईना!

तुम्ही म्हणाल, वाल्मीकराव, ह्या वयात ही हौस कशाला? अहो, हौस कसली. आमची वैष्णवी नोकरीला गेली स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला, तिथेच लग्न केलं, जावई गुणी आहे, तक्रार नाही. पण त्याची आई आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला येणार होती. पिलारबाई. म्हणजे माझी विहीण! मुलाकडची बाई, आणि तिला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही. वैष्णवी सांगेल की मध्ये? अहो, आग्रह कधी दुभाष्यामार्फत करतात का?

त्यात नांदगावहून धोंडाआत्याचा फोन. "वाल्मीक, विहीण अर्धपोटी उठली तर माझ्या दारात यायचं नाय." तिचंही खरं आहे. आमच्या चिमाजीकाकांकडे त्यांची विहीण दीड पोळीवर 'नको' म्हणाली, आणि काकांनी ते खरं मानलं. सरळ हात धुवायला पाणी पुढे केलं! सत्तावीस वर्षं झाली, दोन घरांचं जाणं-येणं अजून बंद आहे. उद्या माझ्या पोरीला सासरी कोणी बोललं तर?

म्हणून क्लास. मेहविश म्हणाली, "काका, स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी, जड जाईल हं." म्हटलं, बाळा, आम्ही जन्मापासून तीन सांभाळतोय, तू दोनाचं काय घेऊन बसलीस. मग म्हणे त्यांच्यात 'आहे'ला दोन शब्द, 'सेर' आणि 'एस्तार', साधारण एक कायमचा, एक तात्पुरता. मी विचारलं, माझी शुगर वाढलेली आहे, हे कुठलं आहे? म्हणाली, तात्पुरतं. आमचे डॉक्टर अकरा वर्षं हेच म्हणतायत! मग मी खातो, तू खातोस, ते खातात... सगळं जग खातंय स्पॅनिशमध्ये, पण 'अहो घ्या हो, एवढीशीच तर आहे', हे कुठंय? आग्रह कुठंय?

"काका, त्यांनी 'नो, ग्रासियास' म्हटलं की थांबायचं. तिकडे नो म्हणजे नो."

म्हटलं, तुमच्याकडे थांबतात? ईदला तुझ्या अम्मीनं मला तीन वाट्या शीरखुर्मा घातला, मी पहिल्याच वाटीला नको म्हटलं होतं.  पोरगी वही मिटत हळूच म्हणाली, "अम्मीचं वेगळं आहे, काका."

शेवटी दिलं बाई तिनं एक वाक्य. 'ऊन पोकितो मास.' थोडंसं आणखी. मी ते अंघोळीत म्हटलं, गिरणीत म्हटलं, भाजीवाल्यापुढे म्हटलं, त्यानं कोथिंबीर जास्त दिली नाही ते सोडा. आमची सौ. अंजली म्हणाली, "पुरण मी वाटणार, पोळ्या मी लाटणार, आणि घाम ह्यांना!"

आला तो दिवस. पिलारबाई टेबलाशी, नांदगावहून मुद्दाम आलेली आत्या समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला. पुरणपोळी, तूप, आमटी, कुरडई. पहिली पोळी गेली. दुसरी गेली. मी तिसरी घेऊन पुढे झालो, तर बाईंनी ताटावर हात आडवा धरला. "नो, ग्रासियास."

मला समोर चिमाजीकाका दिसले हो! तरी म्हटलं, सगळा जीव गोळा करून म्हटलं, "ऊन पोकितो मास?" बाई गोड हसल्या. "नो." आणि मी... थांबलो. शिकवलं होतं ना तसं. पोळी घेऊन मागे वळलो, आत्याकडे बघायची हिंमत नाही. तेवढ्यात बाईंनी वैष्णवीकडे पाहिलं, वैष्णवीनं मान हलवली, आणि बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "पुरे."

 आत्या ताडकन उठली. "पुरे म्हनली! आरं, आपल्यातलीच हाय ही! वाढ की!"

आता मला सांगा, 'नो, ग्रासियास'ला मी थांबलो होतो. पण 'पुरे'? 'पुरे' म्हटल्यावर ह्या घरात आजवर कोण थांबलंय? मी वाढली, अंजलीनं वाढली, आत्यानं तर वरून तूप ओतलं. पाच खाल्ल्या बाईंनी! प्रत्येक पोळीला पुरे म्हणत होत्या बिचाऱ्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी, मीही नाक पुसलं.

जाताना पिलारबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि वैष्णवीकडून सांगितलं, मे महिन्यात तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या. नजर जरा वेगळीच होती.

परत क्लास लावलाय. ह्या वेळी एकच वाक्य घोकतोय, 'नो, ग्रासियास'. मेहविश म्हणते, "काका, बिनधास्त जा, तिकडे नो म्हणजे नो."

असेल हो. पण बाई आता आमच्याकडे जेवून गेल्यात ना...