अडुसष्ट टक्के

नाही, मी चिडलेलो नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात मी नुसता खाकरलो तरी आतून आवाज येतो, 'चिडू नका'. मी शांत आहे. पण मला एक सांगा, एखादा माणूस पाच दिवस, रोज चार-चार तास, एका डब्यासमोर बसतो, त्या डब्याच्या पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते, एक टक्का, दोन टक्के, चाळीस, पन्नास, आपल्याला वाटतं जमलं बुवा... आणि अडुसष्ट टक्क्यांवर फुस्स. पाटी येते, 'अपडेट होऊ शकले नाही. पुन्हा प्रयत्न करा.' अरे, पण का नाही होऊ शकले? ते नाही सांगणार. मी अर्धा तास उशिरा घरी आलो तर मला कारण द्यावं लागतं, तेसुद्धा पटेल असं. याला कोणी विचारत नाही.

डबा म्हणजे रस्ता दाखवणारा डबा हो, गाडीत काचेला चिकटवतात तो. मी लॉन्ड्रीची गाडी चालवतो. तुमच्या शर्ट-पँटची लॉन्ड्री नव्हे, तीन हॉस्पिटलांच्या चादरी. सकाळी सहाला धुतलेल्या पोचवायच्या, मळलेल्या उचलायच्या, बारा वाजता घरी. ही फेरी अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि त्याआधी तीस वर्षं आमच्या अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे होती. आता मध्येच महापालिकेच्या लोकांनी नदीवर नवीन पूल बांधला. बांधा ना, माझी हरकत नाही. पण पूल झाला म्हणून जुना रस्ता भिंत घालून बंद केला, पलीकडचे सगळे रस्ते एकेरी केले, आणि हे माझ्या डब्याला कुणी कळवलंच नाही. डबा मला इमानेइतबारे रोज त्या भिंतीपाशी नेऊन उभा करायचा.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षं जातोस, रस्ता पाठ नाही? पाठ आहे हो! जुना पाठ आहे! तीच तर पंचाईत आहे. तीनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर दारातच उभ्या, कमरेवर हात, म्हणतात कशा, "काय करू, पेशंटला वर्तमानपत्रावर निजवू?" आणि त्यांनी तिथूनच आमच्या ऑफिसात फोन लावला, माझ्यासमोर, मला 'बसा' म्हणून.

मग आमच्या वाहतूक मॅडम. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चष्मा पुसत बोलतात. "असं करा, शुक्रवारी चार वाजता गाडी माझ्यासमोर उभी करा, पडद्यावर मला पूल दाखवा. पूल दिसला, फेरी तुमची. नाही दिसला तर मी तुम्हाला आत घेते. इस्त्री विभागात जागा आहेच." जागा आहेच म्हणे. आता इस्त्री विभागाचा सुपरवायझर कोण, माहीत आहे? माझा मेहुणा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. दिवसभर वाफेत उभं राहायचं, चादरीची दोन टोकं धरायची, आणि तो मागून येणार हात मागे बांधून, "भाऊजी, घडी जरा तिरकी झाली का?" ज्याला मी सायकल शिकवली तो! त्याने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलंसुद्धा, "काही काळजी करू नका भाऊजी, मी सांभाळून घेईन." हसत होता. पण मी चिडलो नाही. मी फक्त कप जरा जोरात ठेवला. त्याचा कान तुटला, तो आधीच कच्चा होता.

तर रविवारी दुपारी बसलो. मुलीचा लॅपटॉप घेतला, डबा जोडला, बटण दाबलं. पट्टी जागची हलेना. तासभर बघतोय. मुलगी आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा, ही वायर नुसती चार्जिंगची आहे. हिच्यातून नकाशा जात नाही." अहो, दिसायला दोन्ही वायरी सारख्या, टोकं सारखी, काळ्या त्याही सारख्या! मग हिच्यातून जात नाही हे वायरीवर लिहायला काय झालं होतं? गेलो दुरुस्तीवाल्याकडे. त्याने डबा हातात घेतला, भोकात फुंकर मारली, कानाशी धरून हलवला, आणि पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाला, "वय झालं याचं." मी म्हटलं, वायर द्या. वायर घेतली आणि आलो.

सोमवारी चांगल्या वायरीने बसलो तर पाटी, 'जागा अपुरी आहे.' डब्यात जागा नाही! मी मदत केंद्राला फोन लावला. मदत केंद्र म्हणजे काय, तर वीस मिनिटं बासरी. बायको म्हणाली, स्पीकरवर टाका आणि जेवून घ्या. जेवलो बासरीवर. अण्णा समोर होते, अण्णा बासरीच्या तालावर ताक प्यायले. शेवटी एक बाई आली, आवाज अगदी गोड, जणू मी तिच्या लग्नाला आलोय. "सर, आपल्या डिव्हाइसमध्ये कुणाचा तरी रेकॉर्ड केलेला आवाज आहे का? तो जागा खूप घेतोय."

आता हे सांगायला हवं. या डब्यात आपला स्वतःचा आवाज भरायची सोय असते. अण्णांचे गुडघे गेले, गाडी सुटली, तेव्हा त्यांनी माझ्यावर विश्वास नाही म्हणून डब्यात स्वतः बसायचं ठरवलं. सगळी वाक्यं त्यांच्या आवाजात. दुसऱ्यांचे डबे कसे, 'शंभर मीटरवर डावीकडे वळा'. माझा डबा, "डावीकडे घे. आरसा बघितलास का? डावी म्हणजे घड्याळाचा हात." वळण चुकलं की दुसरे डबे म्हणतात 'नवा मार्ग शोधत आहे'. माझा म्हणतो, "तरी सांगत होतो." अकरा वर्षं! रोज! भिंतीपाशी नेलं तेव्हासुद्धा काय म्हणाले असतील? "सरळ चल, लक्ष पुढं ठेव." समोर भिंत आणि सरळ चल! आणि संध्याकाळी घरी आलो की खाटेवरून प्रश्न ठरलेला, "आज बरोबर नेलं ना मी?" मी रोज हो म्हणतो. भिंतीच्या दिवशीही म्हटलं.

तर ती गोड बाई म्हणाली, "काळजी करू नका सर, 'तरीही सुरू करा' दाबा, नवा नकाशा आधी लॅपटॉपवर उतरेल आणि शेवटी तो आवाज आपोआप पुसला जाईल. तो बाहेर काढून ठेवता येत नाही, पण आमचा छान आवाज येईल." आणि मी काय बोललो? मेहुण्याचा राग डोक्यात होता, मी स्पीकरवर, सगळ्यांदेखत बोललो, "जाऊ दे हो, पुसला तर पुसला, कान तरी सुटतील." बायकोने माझ्याकडे बघितलं. अण्णा ताट उचलून आत गेले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मोठ्यांचे कान म्हणजे आपल्या सोयीने कधी पक्के, कधी कच्चे असतात ना, तसं मी धरून चाललो.

आणि मग सुरू झालं ते अडुसष्ट. सोमवारी एक वाजता सुरू केलं, पाच वाजता चहाला उठलो तेव्हा अडुसष्ट, परत आलो तर फुस्स. बरं, जेवढं उतरलं तेवढं तरी ठेवेल? नाव नको. पुन्हा शून्यापासून. मंगळवारी मुलगी म्हणाली, लॅपटॉप झोपतो, त्याला झोपू देऊ नका. म्हणजे मी पहाटे उठायचं आणि लॅपटॉपने झोपायचं! त्याची झोप बंद केली. चहाला उठलो, अडुसष्ट, परत आलो, फुस्स. बुधवारी बायको म्हणाली, इंटरनेटच्या डब्याजवळ नेऊन ठेवा, लांब पडत असेल. तो डबा आमच्या घरातल्या बोळात, अण्णांच्या खोलीच्या दाराशी. नेला लॅपटॉप बोळात, स्टुलावर मांडला, येणाऱ्या-जाणाऱ्याने अंग चोरून जायचं. अण्णा चार वेळा गेले, चारही वेळा वाकून बघून गेले, "किती झालं रे?" मला बरं वाटलं, म्हटलं म्हाताऱ्यालाही काळजी आहे. पाच वाजले. चहा. अडुसष्ट. फुस्स!

मी मदत केंद्राला परत फोन लावला. बासरी. दुसरी बाई. "सर, मधेच आपलं इंटरनेट जातंय का?" मी म्हटलं, बाई, आमचं इंटरनेट कुठेही जात नाही, दिवे हिरवे आहेत, मी स्वतः बघितलेत, आमच्या घरात आता फक्त मीच जायचा राहिलोय. तरी मी चिडलेलो नव्हतो. त्यांनी फोन ठेवला.

गुरुवार. शेवटचा दिवस, शुक्रवारी चारला तर मॅडम चष्मा पुसून तयार. एक वाजता सुरू केलं. मेहुण्याचा निरोप आला, 'भाऊजी, चपलांचा नंबर सांगा, आत रबरी चपला लागतात.' मी फोन उलटा ठेवला. पाच वाजले, बायकोने हाक मारली, उठलो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, चष्मा स्टुलावर राहिला. मागे फिरलो. बघतो तर बोळात अण्णा. एक हात भिंतीला, गुडघ्यासाठी. आणि दुसऱ्या हाताचं बोट इंटरनेटच्या स्विचवर.

मी म्हटलं, "अण्णा?"

अण्णा हलले नाहीत. म्हणाले, "माणूस उठला की यंत्र बंद."

आता हा आमच्या लॉन्ड्रीतला नियम आहे. प्रत्येक मशीनवर लाल अक्षरात लिहिलाय. मशीनसमोरचा माणूस उठला की मशीन बंद, मग तो दोन मिनिटांसाठी का उठेना. आमच्या घरात सगळेच लॉन्ड्रीतले, बायको मिक्सरलासुद्धा हा नियम लावते. मला क्षणभर पटलंच! म्हटलं, हो, बरोबर आहे, मी उठलो होतो. मग डोक्यात प्रकाश पडला.

"नियमाने बंद करता, मग परत चालू का करून ठेवता? दिवे मला रोज हिरवे कसे दिसतात?"

आता मी चिडलो. कबूल करतो. मी ओरडलो, बोळात माझाच आवाज मला लागला. म्हटलं, चार दिवस! माझी फेरी जाईल, कळतंय का तुम्हाला? त्या पोराच्या हाताखाली मी वाफेत उभा राहू? तुमचीच फेरी आहे ना ती, तीस वर्षं केलीत, तीच घालवता?

अण्णांचं बोट अजून स्विचवरच होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पट्टीकडे बघत होते. म्हणाले, "घालवत नव्हतो. गाडीतून उतरायचं नव्हतं मला."

मला एकदम आठवलं, मी काय बोललो होतो, कान सुटतील म्हणून. चहा निवत होता. पट्टी एकोणसत्तर झाली. एकोणसत्तर मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि काय सांगू, अजिबात आनंद झाला नाही.

मग अण्णांनी बोट काढलं. पायाने स्टूल ओढलं, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बसले त्या स्विचला पाठ टेकून. म्हणाले, "जा, चहा घे. माणूस बसलाय."

पावणेसातला शंभर झाले. अण्णांनीच हाक मारली, तोंडातून आकडा मात्र काढला नाही, म्हणाले, "झालं ते."

शुक्रवारी मॅडमनी पूल बघितला, बोटाने मोठा करून बघितला, म्हणाल्या, "ठीक." एवढंच. ठीक! मेहुण्याने माझ्यादेखत रबरी चपला परत ठेवल्या. आणि डब्यात आता अण्णांच्या जागी कंपनीची एक गोड बाई. 'कृपया डावीकडे वळा.' कृपया! मी दोन वळणं चुकलो, ती रागावलीच नाही. 'नवा मार्ग शोधत आहे' म्हणाली. माझं लक्षच लागेना. घरी आलो तर अण्णा खाटेवर. प्रश्न बदललेला. "आज कुणी नेलं?"

"बाईंनी."

"ओरडल्या का?"

"नाही."

"मग चुकलास ते तुला कसं कळतं?"

रविवारी मुलगी म्हणाली, जुना नकाशा गेला, आता डब्यात जागा झालीय, आणि तिने अण्णांना धरून गाडीत बसवलं, पुढच्या सीटवर, डबा तोंडासमोर धरला, आणि अडीच तास, दारं-काचा बंद करून, सगळी वाक्यं पहिल्यापासून. मी बाहेर उन्हात उभा. आतून बोटाने खुणावत होते, लांब हो, तुझा आवाज येतोय. मी श्वास घेत होतो फक्त! श्वासाचा आवाज! सोमवारी निघालो. पूल आला. मी जरा वेग वाढवला तर डबा म्हणतो, "हळू. पूल नवीन आहे, तू नाहीस."

संध्याकाळी विचारलं, "बरोबर नेलं ना मी?" म्हटलं, हो. या वेळी खरंच नेलं होतं.

आणि आज सकाळी, अहो, आज सकाळी, मी पुलाच्या ऐन मध्यावर, मागे दोनशे चादरी, मोठ्या सिस्टर दारात उभ्या असणार, आणि पडद्यावर पाटी आली, 'नवीन नकाशा उपलब्ध आहे. आता अपडेट करायचे?'

नाही, मी चिडलो नाही. मी 'नंतर' दाबलं. डब्यातून अण्णा म्हणाले, "सरळ चल, लक्ष पुढं ठेव."

चाललोय.