हिरव्या ठिपक्याचा पंखा

—नाही, ‘उद्या या’ हे मला सांगूच नका मिस्त्री, ते आमच्या शेजारच्या भाऊजींना सांगा, ते बिचारे ऐकून घेतात. मी आज पंखा घेतल्याशिवाय या स्टुलावरून हलायची नाही. पिशवीसुद्धा आणलीय, ही बघा, जाड कापडाची, पात्यांनी फाटू नये म्हणून. कुठला पंखा काय विचारता? बोटीच्या इंजिनाचा, तीन पात्यांचा, धक्क्याच्या पायरीवर आपटून एक पातं कानासारखं मुडपलं होतं तो! किती दिवस झाले तुमच्याकडे देऊन? एवढ्या दिवसांत माणसाचा मोडलेला पाय जुळतो हो! पातं ठोकून सरळ करायचं, तुटलेला कोपरा वेल्डिंगने भरायचा, कानस मारायची, तिन्ही पाती सारख्या वजनाची झाली का बघायचं — झालं. मला कसं माहीत? अहो, आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर मी इकडे रुमाल शोधते. मुद्दाम ऐकायला जात नाही मी, ऐकू येतं. आता कान काय काढून फळीवर ठेवू?

आणि तुमच्या या दिरंगाईपायी काय झालं ते ऐका. बोटीला गिऱ्हाईक आलं होतं. हो, विकतायत — म्हणजे वहिनी विकायला लावतायत, आणि त्यांचं तरी काय चुकलं? गुडघ्यांनी संप पुकारलाय, मुलगा कधीचा तिकडे बोलावतोय, नातवाचं तोंड फोनवर किती दिवस बघायचं माणसाने? भांडी खोक्यात गेलीयत, पाहुण्याला द्यायला पेला नाही घरात. बोट गेली की घराला कुलूप. तर गिऱ्हाईक दारात आणि इंजिनाला पंखा नाही — मग भाऊजींनी बाजारातून दुसरा आणला. आणि काय आणला! मी काही फार शिकलेली नाही, पण एवढं मलाही कळतं की पात्यांना पीळ जास्त असला तर इंजिन कुथतं, आणि कमी असला तर नुसतं किंचाळतं, बोट काही पुढे जात नाही. जुन्या पंख्यावर आकडा असतो, तो बघून त्याच मापाचा आणायचा. शेंबडं पोर सांगेल. यांनी भलताच कमी पिळाचा उचलला. मी म्हटलं, ‘भाऊजी, हा चपटा वाटतोय हो’ — तर म्हणतात, ‘तुमचं दूध उतू जातंय, ते बघा आधी.’ दूध तापतच नव्हतं! मग काय, गिऱ्हाईक बसलं, दोरी ओढली, इंजिन असं किंचाळलं की धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले — आणि बोट? रुसलेल्या जावयासारखी जागच्या जागी. ‘इंजिन संपलंय तुमचं,’ म्हणालं गिऱ्हाईक आणि चालू लागलं. वहिनी तिथेच पायरीवर बसल्या. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. नुसत्या बसल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही तरी जा हो त्या मिस्त्रीकडे, तुमच्या तोंडाला सगळे भितात.’ म्हणून आले. परवा दुसरं गिऱ्हाईक येतंय. आणि मला एक सांगा, उभा जन्म पाण्यावर काढलेला माणूस, नुसता आवाज ऐकून इंजिनाचं काय दुखतंय ते सांगणारा — त्याने पंखा निवडताना अशी चूक करावी? म्हातारचळ, दुसरं काय!

मला घाई? मला कसली मेली घाई? मला तर उलट — जाऊ द्या, तुम्ही पंखा शोधा. तसं नव्हे, पण आमचे हे गेल्यापासून वहिनी रोज सकाळी उलथन्याने भिंतीवर ठोकतात, मग मी इकडून ठोकायचं. बस. ‘आहे’ म्हणून. एकदा मला तापात जाग आली नाही, तर भाऊजी मागचं दार खांद्याने फोडून आत! नंतर नवीन दार त्यांनीच बसवलं, रंगवलंही त्यांनीच, पोपटी हिरवं — माझ्या आवडीचं नाही, पण बोलणार कोण? उरलेला डबा घेऊन गेले आणि वल्ह्यांवर, बादलीवर, डिझेलच्या कॅनवर, दिसेल त्या वस्तूवर ठिपका. आपली वस्तू गर्दीत ओळखू येते म्हणे. आता तिथे कुणी भाडेकरू येतील. त्यांना काय सांगू मी, रोज सकाळी भिंत ठोकत जा म्हणून? वेड्यात काढतील. हसताय काय? हसण्यासारखं — थांबा. तो कुठला? तो, पट्ट्यांच्या मागे, खिळ्याला लटकलेला. मिस्त्री, हा माझ्या दाराचा रंग आहे.

काढा खाली. हात लावू द्या. पातं तर सरळ आहे — सांधा नखालासुद्धा लागत नाही. अहो, हा तयार आहे! कधीचा? आणि भाऊजींना — माहीत आहे? काय म्हणालात? रोज येतात? इथे, या स्टुलावर? दांडीवर चढवून फिरवून बघतात, आणि म्हणतात, ‘अजून जरा डगमगतोय, कानस मारा’? आणि तुम्ही मारता? नाही मारत. पुन्हा खिळ्याला लटकवता. आणि मी सगळ्या गल्लीत तुम्हाला आळशी म्हणत फिरतेय!

म्हणजे तो बाजारातला पंखा — तो चुकून नाही आणला. दूध उतू जातंय म्हणे! अहो, एवढा मोठा पुरुष, बायकोपाशी तोंड उघडून ‘मला नाही जायचं’ एवढं म्हणता येत नाही? पंख्याच्या आड लपायचं? ती बाई तिकडे खोक्यांना दोऱ्या बांधतेय, एकच पातेलं बाहेर ठेवलंय, त्यातच चहा आणि त्यातच जेवण — आणि हा माणूस इथे बसून पाती गोल फिरवतोय! मला भिंतीतून सगळं ऐकू येतं, आणि नेमकं हेच कसं नाही ऐकू आलं?

द्या इकडे. घाला पिशवीत. वहिनींना शब्द दिलाय मी. हं. जड आहे हो केवढा.

येते मी.

मिस्त्री — तुम्ही धंद्यातले, तुम्हीच बघा. हे पातं, इथे, या कडेला. डगमगतंय ना जरा? नाही? नीट बघा, चष्मा लावा. मला तर चांगलं डगमगताना दिसतंय. वहिनींना काय सांगायचं ते सांगते मी, ते माझं मी बघेन. आणि त्या भाऊजींना तर आज अशी बोलते — परवाच्या आत बायकोशी बोला, नाहीतर मी बोलेन म्हणावं. असं काय बघताय माझ्याकडे? हा घ्या. कानस मारा. जा, कामं पडलीयत तुमची.

आणि लटकवताना आत सरकवा जरा — दारातून दिसतो.